टाके निघाल्यानंतरचे वर्ष

वर्धा जिल्ह्यात कामावर मोठा अपघात झाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. जखमींना ताबडतोब सावंगीच्या, सेवाग्रामच्या रुग्णालयात नेले, गरज पडली त्यांना नागपूरला हलवले, खर्च भरला, मदत जाहीर झाली. आता आणखी काय करायचे? कारखान्याचे व्यवस्थापन हे म्हणते, ठेकेदार म्हणतो, लोकप्रतिनिधी म्हणतात. मजुरांविषयी मनात कळवळा असलेली माणसेही हेच म्हणतात, म्हणून या युक्तिवादाचे उत्तर नीट द्यायला हवे. माझे म्हणणे असे की उपचार आणि पैसा मिळून अर्धेच काम होते. जखमी माणूस पुन्हा कमावता होईपर्यंतचा उरलेला अर्धा रस्ता आपल्या जिल्ह्यात कोणाचीच जबाबदारी नाही. ती जबाबदारी कोणाची हे कायद्याने आणि पैशाच्या तरतुदीसह ठरवता येते. ते अजून ठरवलेले नाही, हा दोष व्यवस्थेचा आहे आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि पंधराहून अधिक माणसे गेली. 20 नोव्हेंबर 2018 रोजी त्याच परिसरात सोनेगाव (आबाजी) जवळ जुनी स्फोटके निकामी करताना स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत ठेकेदाराने कामावर बोलावलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. 3 फेब्रुवारी 2021 रोजी भुगावच्या तेव्हाच्या उत्तम गाल्वा मेटॅलिक्स कारखान्यात भट्टीच्या कामात पंचवीसहून अधिक कामगार भाजले. नोव्हेंबर 2024 मध्ये भुगावातच पुन्हा अपघात झाला आणि वीसच्या आसपास कामगार जखमी झाले. या घटना वर्तमानपत्रांत आल्या. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रेच्याच्या पट्ट्यात गेलेली बोटे, गाठी बांधताना प्रेसखाली आलेला हात, ऑक्टोबरात सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये ओढला गेलेला पदर आणि त्यामागून गेलेला हात यांची बातमी होत नाही. ते जखमी एकेकटे येतात, एकेकटे घरी जातात.

त्या घरी गेलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ते कोणत्याही सरकारी नोंदीत सापडत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा 1948 च्या कलम 88 प्रमाणे अपघातामुळे कामगार 48 तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही तर व्यवस्थापनाने कळवायचे असे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे ती नोंद होते. मृत्यू किती, जखमी किती, एवढे त्यातून कळते. जखमींपैकी किती जण वर्षभरानंतर कामावर होते, हा रकाना त्या नोंदीत नाही. जी गोष्ट शासन मोजत नाही तिच्यासाठी ते माणूस नेमत नाही आणि पैसाही ठेवत नाही. म्हणून “सर्व काही केले” असे म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हा आहे की ते सर्व झाल्यावर माणूस कामाला लागला की नाही, हे तुम्ही कशाच्या आधारे सांगता?

दुसरा युक्तिवाद वैद्यकीय आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, जखम भरली, म्हणजे उपचार संपला, असे त्यात गृहीत धरलेले असते. हाताच्या इजेत हे सरळसरळ चूक आहे. तळहातातली तुटलेली शीर शिवली, म्हणजे ज्या दोरीने बोट वाकते ती दोरी जोडली, की तिथून खरे काम सुरू होते. पहिले काही आठवडे हात खपाचीत ठेवून ठरलेल्या मापाने हलवावा लागतो. जास्त हलवला तर टाका सुटतो. अजिबात हलवला नाही तर शीर आजूबाजूच्या मांसाला चिकटते आणि बोट कायमचे आखडते. वजन उचलण्याजोगा हात व्हायला साधारण तीन महिने लागतात. हे तीन महिने कोणी शिकवणारा, तपासणारा नसेल तर सर्जनचे उत्तम काम वाया जाते. कागदावर हात शाबूत असतो, पण त्या हाताला पोते पेलत नाही.

भाजलेल्या माणसाचा रस्ता याहून लांब. त्वचा लावली, जखम झाकली गेली, पण व्रण पक्का होण्यास वर्ष ते दीड वर्ष जाते आणि त्या काळात तो आकसत राहतो. काखेतला व्रण आकसला की हात वर होत नाही, कोपरातला आकसला की सरळ होत नाही. त्यासाठी दाबाचे घट्ट कपडे दिवसरात्र घालावे लागतात, रोज ताण द्यावा लागतो, कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. लावलेल्या त्वचेला नीट घाम येत नाही. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तिथे अंगाचा मोठा भाग भाजलेल्या माणसाला पुन्हा भट्टीसमोर उभे करणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय. त्याला दुसरे काम द्यावे लागेल, ते शिकवावे लागेल आणि हे कोणीतरी आधी ठरवावे लागेल. आपल्याकडे घरी सोडताना हातात येणाऱ्या कागदावर औषधे आणि पुढची तारीख असते. तो माणूस कोणते काम करत होता आणि आता कोणते करू शकेल, याबद्दल त्यावर सहसा एक ओळही नसते.

यावर डॉक्टरांच्या बाजूने एक उत्तर येते आणि त्यात तथ्य आहे. रुग्ण व्यायामाला येतच नाहीत, दोनदा येतात आणि थांबतात. खरे आहे, थांबतात. पण का थांबतात? आर्वी, आष्टी किंवा कारंजा (घाडगे) तालुक्यातला मजूर वर्ध्याला अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी येतो तेव्हा त्याचा अख्खा दिवस जातो, एसटीचे जाण्यायेण्याचे पैसे जातात आणि सोबत आलेल्या बायकोचा रोज बुडतो. कमावता हात बंद असताना घर तिच्या रोजावर चाललेले असते. तिसऱ्या फेरीला तो येत नाही, यात आळस नाही, हिशोब आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेने गरिबाच्या शस्त्रक्रियेचा मोठा भार उचलला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तिची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. घरी गेल्यानंतरच्या वर्षभराच्या फेऱ्या, खपाची, दाबाचे कपडे आणि बुडालेली मजुरी हा सारा खर्च त्या माणसाच्याच माथी येतो.

आता पैशाच्या युक्तिवादाकडे येऊ. कायद्याने भरपाई ठरवून दिली आहे, ती मिळाली की न्याय झाला, असे म्हटले जाते. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता यांचे सूत्र साधे आहे. मासिक वेतनाचे 60 टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, आणि इजा अंशतः असेल तर तिची टक्केवारी. जुन्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50, पूर्ण पंजा गेला तर 60 टक्के असे आकडे आहेत. महिना 12,000 रुपये मिळवणाऱ्या 35 वर्षांच्या जिनिंग कामगाराची चारही बोटे गेली तर 197.06 या गुणकाने त्याच्या वाट्याला सुमारे 7 लाख 9 हजार रुपये येतात. रक्कम ऐकायला मोठी वाटते. त्याच्या पन्नास टक्के वेतनाने ती भागली तर दहा वर्षेही पुरत नाही, आणि त्याची नोकरीची वर्षे अजून पंचवीस आहेत.

मोठी अडचण त्या टक्केवारीतच आहे. ती शरीर मोजते, काम मोजत नाही. चार बोटे गेलेला शाळामास्तर उद्या वर्गावर जाऊ शकतो. चार बोटे गेलेला हमाल हमाल राहत नाही. दोघांचे नुकसान 50 टक्के म्हणणे अन्याय आहे, आणि आपल्या न्यायव्यवस्थेने हे पन्नास वर्षांपूर्वीच सांगितले आहे. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका सुताराचे प्रकरण आले. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची क्षमता संपूर्ण गेली, असे धरून दिलेली पूर्ण भरपाई चार न्यायमूर्तींच्या पीठाने कायम केली. भरपाई वेळेत न दिल्याबद्दलचा दंड आणि व्याजही कायम केले. तरीही आज वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावरचा आकडाच अनेकदा शेवटचा मानला जातो, कारण मजुराच्या बाजूने “हा काय काम करत होता?” असे विचारणारा कोणी खोलीत नसतो. त्यात आणखी एक कोंडी आहे. दिव्यांगांसाठीच्या बहुतेक सवलती 40 टक्के अपंगत्वापासून सुरू होतात. अंगठा गमावलेला कापूस वेचणारा मजूर कामातून गेला तरी या मोजपट्टीत बसेलच असे नाही.

चौथा युक्तिवाद सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर: चूक त्याचीच होती. पट्टा चालू असताना हात घातला, प्यायला होता, मोबाइलवर बोलत होता. कायद्याने याचा निकाल शंभर वर्षांपूर्वी लावला आहे. कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली की भरपाई देय होते, तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. नशा किंवा सुरक्षेच्या नियमाचा मुद्दाम भंग ही सबब मृत्यू आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व यांना लागूही होत नाही. पण कायदा बाजूला ठेवू. चालू पट्ट्यात अडकलेला कापूस हाताने ओढायला मजूर का जातो? कारण पट्टा थांबवला की गाठींचा आकडा घटतो आणि मुकादम ओरडतो. थ्रेशरच्या तोंडाशी पुरेशी लांब चाडी नसेल तर पेंढी हातानेच आत ढकलावी लागते. अशा यंत्रांसाठी 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला गेला, म्हणजे यंत्रच हात ओढते हे देशाच्या संसदेने तेव्हाच ओळखले होते. आणि समजा चूक त्याचीच होती. म्हणून त्याने पुढची तीस वर्षे बिनकामाचे बसावे, हा कोणता न्याय? पुनर्वसन हे निर्दोष माणसाला मिळणारे बक्षीस नाही.

पाचवा युक्तिवाद ठेकेदारीचा. तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता. सोनेगावसारख्या घटनेनंतर हा प्रश्न हमखास निघतो. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याच्या उद्योगासाठी आणि ज्याच्या जागेत काम चालले होते तो मुख्य मालक भरपाईला बांधील आहे. त्याने आधी द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. हजेरीपटावर नाव नसलेला मजूर मुख्य मालकापुढे उभा राहिला की त्याच्याकडे पुरावा मागितला जातो, तेव्हा ही बांधिलकी कागदावरच राहते. शेतात तर कायदा पोचलाच नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. 1923 च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामातले मजूर आहेत आणि कीटकनाशकाची फवारणी करणारेही आहेत. थ्रेशरवर पेंढ्या देणारी बाई त्या यादीत बसते. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते काम करणारे मजूरही त्या यादीत बसतात. यातले किती जण भरपाई आयुक्तांपर्यंत पोचले असतील? ज्याला आपला हक्क माहीतच नाही तो मागायला जाणार कुठे?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हे सगळे खरे, पण पैसा कोण देणार? पोलाद कारखाना देऊ शकेल. पाच एकरांचा कास्तकार, जो स्वतः कर्जात आहे आणि थ्रेशर भाड्याने आणतो, तो मजुराच्या हाताचे सात लाख कुठून आणणार? हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. लहान मालकाला लुबाडून मजुराला न्याय मिळणार नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकेका मालकावर टाकायची नसते, सर्वांनी मिळून उचलायची असते. जर्मनीने 1884 मध्ये अपघात विम्याचा कायदा करून उद्योगवार मंडळे उभी केली. त्या मंडळांत मालक वर्गणी भरतात, आणि निवृत्तिवेतन देण्याआधी माणसाला कामावर परत आणण्याचा प्रयत्न झालाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. त्यात मालकांचाही फायदा असतो, कारण कामावर परतलेला माणूस विम्यावर कमी बोजा टाकतो.

हे परदेशी आहे म्हणून नाकारायचे कारण नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला आणि ज्यांना एक ठरलेला मालक नाही अशा हमालांसाठी मंडळे उभारली. त्यांत मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरली जाते आणि त्यातून मजुराचे हक्क चालतात. बांधकाम मजुरांसाठी उपकरातून चालणारे मंडळ आपल्याकडे आहे. म्हणजे फिरत्या, हंगामी, ठेक्यावरच्या मजुरासाठी सामूहिक निधी कसा चालवायचा, हे या राज्याला शिकवावे लागत नाही. मग हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येक क्विंटल कापसावर, भाड्याने फिरणाऱ्या प्रत्येक थ्रेशरच्या नोंदणीवर थोडी लेव्ही लावून जिल्ह्याचा पुनर्वसन निधी का उभा राहू नये? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला संरक्षण आहे. मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख. त्याच वावरात, त्याच यंत्रावर हात गमावणारा भूमिहीन मजूर तिच्यात नाही. जमीन नावावर नसणे हा जणू गुन्हा धरला जातो आणि हे थांबवणे राज्य सरकारच्या हातात आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेचे उदाहरण घ्या. महिना 21,000 पर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात असेल तर इजेमुळे काम बंद असेपर्यंत त्याला वेतनाच्या 90 टक्के मिळतात. कायमच्या इजेला दरमहा रक्कम मिळते, आणि नवे काम शिकण्यासाठी भत्त्याची तरतूदही आहे. भरपाई कायद्याखालचा कामगार काम बंद असताना अर्ध्या वेतनावर असतो. ज्याचे नाव कुठेच नाही त्याला शून्य. इजा तीच, यंत्र तेच, पण कोणत्या वहीत नाव आहे त्यावर तिघांचे भविष्य ठरते. हा भेद बुजवणे हे पहिले काम आहे, दानपेटी फिरवणे नव्हे.

आणि कोणी म्हणेल की अपंग माणसाला कामावर परत आणणे हे स्वप्नाळूपण आहे, तर त्याने वर्ध्याचाच इतिहास पाहावा. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. तेव्हा कुष्ठरोगावर खात्रीचे औषधही नव्हते. ज्यांची बोटे झडली होती, ज्यांना गावाने हाकलले होते, अशी माणसे तिथे शेती करू लागली, सूत कातू लागली. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि तिथेही श्रमाभोवतीच सारी रचना केली. 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नयी तालीम मांडली गेली. बोटे नसलेली माणसे औषध नसताना कामावर परत येऊ शकली. मग आज दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये, भौतिकोपचाराचे शिक्षण आणि नागपुरात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र असताना थ्रेशरने हात नेलेली बाई परत का येऊ शकत नाही? आपल्याकडे साधने आहेत. ती एका माणसाभोवती गोळा करणारा कोणी नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आणि करण्याजोग्या आहेत. कामावर जखमी झालेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना त्याचे आधीचे काम, आता शक्य असलेले काम आणि तिथे पोचण्याचा आराखडा लिहून द्यावा. सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांनी त्यासाठी जिल्हा प्रशासनासोबत एक समान नमुना ठरवावा. आर्वी आणि हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयांत हाताच्या इजा आणि भाजण्याचे उपचार जाणणारा भौतिकोपचारतज्ज्ञ असावा, म्हणजे मजुराला प्रत्येक फेरीला वर्धा गाठावे लागणार नाही. फेरीचे भाडे आणि बुडालेला रोज जिल्ह्याच्या पुनर्वसन निधीतून मिळावा. भरपाईच्या प्रत्येक प्रकरणात कामाची क्षमता स्वतंत्रपणे तपासली जावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने प्रत्येक जखमी कामगाराची वर्षभरानंतरची स्थिती नोंदवावी आणि कारखानावार जाहीर करावी. ठेक्यावरच्या मजुराचे नाव कामाच्या पहिल्या दिवशी मुख्य मालकाच्या नोंदीत यावे.

यातल्या प्रत्येक मागणीवर खर्चाचा आक्षेप येईल. त्याला माझे शेवटचे उत्तर असे आहे. हा खर्च आजही होतोच आहे आणि तो पूर्ण भरला जातो. हात गमावलेल्या मजुराची बायको दोन माणसांचे निंदण करून तो भरते, मुलगा दहावीनंतर शाळा सोडून विटभट्टीवर जाऊन भरतो, घरातला बैल विकून भरला जातो. जिल्ह्यातल्या गाठी, पोलाद आणि सोयाबीन त्या हातांच्या कष्टाने बाजारात गेले आणि त्यांची किंमत अनेकांना मिळाली. ज्यांना ती मिळाली त्यांनी हा खर्च वाटून घ्यावा, एवढेच मागणे आहे. त्याला नकार देणाऱ्याने मग उघडपणे सांगावे की हा खर्च या बाई आणि या मुलाकडूनच वसूल होत राहावा.